खानापूरच्या रानातली काळी माती, पीट आणि पाण्याखाली अडलेलं कुजणं

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत, त्या आधी मांडतो. निपाणी भागात तुमची उसाच्या रोपांची रोपवाटिका आहे, ट्रे भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागतं आणि त्याचा खर्च वाढत चाललाय. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं पाहुण्यांच्या रानात एक ओली, पाय रुतणारी जागा आहे. तिथली माती काळीभोर, हलकी, हातात घेतली की तंतू लागणारी. ती पीट आहे का, उपसून ट्रेत वापरता येईल का, आणि मुळात पीट तयार होताना ऊर्जा आणि द्रव्यं येतात कुठून, जातात कुठं, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर लगेच देतो. ते खरं पीट असण्याची शक्यता फार थोडी आहे, आणि असलं-नसलं तरी तिथून एक पोतंही काढू नका. असं का म्हणतो ते तिसऱ्या प्रश्नात दडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात माती तपासण्यात मी तीसेक वर्षं घालवली आहेत आणि अशा ओल्या जागा पाहिल्या की अजूनही बूट काढून आत उतरतो.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाला पडतो, मुळं मरतात, पण कुजण्याचं काम पुरं होत नाही, म्हणून थरावर थर चढत जातो. हा थर निदान ३० ते ४० सेंटीमीटर जाड असला आणि वाळवलेल्या वजनात निदान ३० टक्के सेंद्रिय भाग असला, तरच शास्त्रज्ञ साधारणपणे त्याला पीट म्हणतात. ओल्या पीटमध्ये वजनाच्या ९० टक्क्यांपर्यंत पाणीच असतं. वाढीचा वेग वर्षाला अर्धा ते एक मिलिमीटर. गुडघाभर थर व्हायला पाचशे ते हजार वर्षं लागतात.

हे समजून घ्यायला तुमच्या गोठ्यामागं चला. उकिरड्यात वर्षभर टाकलेलं शेण, पिंजर, पालापाचोळा उन्हाळ्यात उपसायला गेलं की टाकलं त्याच्या निम्म्यानंही उरलेलं नसतं. बाकीचं हवेत गेलं. कडेनं हवा शिरते, बुरश्या आणि जिवाणू प्राणवायू वापरून पिंजर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. उकिरड्यात हात घातला तर ऊब लागते. भातानं उन्हातून घेऊन पिंजरात साठवलेली ऊर्जाच ती, उष्णता होऊन बाहेर पडत असते. आता शेजारची गोबर गॅसची टाकी बघा. तेच शेण, पण हवा बंद. तिथं तशी ऊब नाही, आणि निघतो तो मिथेन. शेणातली बरीचशी ऊर्जा त्या वायूत तशीच शिल्लक असते, म्हणून तो शेगडीत जळतो. पीटची जमीन म्हणजे वर वीत-दीड वीत उकिरडा आणि त्याच्याखाली फार संथ, थंड, आंबट अशी गोबर गॅसची टाकी. या दोघांमधली सीमा पाणी ठरवतं. पाण्याची पातळी जिथं असेल तिथं उकिरडा संपतो आणि टाकी सुरू होते.

ऊर्जेचा हिशेब आधी करू, कारण तो बहुतेकांना चकित करतो. पिकं असोत की दलदलीतल्या वनस्पती, अंगावर पडलेल्या उन्हातला टक्काभर भागच त्या आपल्या शरीरात बांधतात. बाकी ऊन जमीन तापवतं, परत फेकलं जातं आणि ओल्या जागेत मुख्यतः पाणी उडवण्यात खर्च होतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४५ मेगाज्यूल लागतात. दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडालं तर चौरस मीटरमागं दहा मेगाज्यूल त्यातच गेले. बेळगावात वर्षाच्या सरासरीनं दिवसाला वीसेक मेगाज्यूल ऊन पडतं, म्हणजे निम्मं ऊन पाणी उडवण्यातच गेलं. पाणथळाकाठी दुपारीही गारवा लागतो तो त्यामुळं.

आता वनस्पतीच्या शरीरात बांधलेल्या त्या टक्काभर ऊर्जेतलं पीटमध्ये किती उरतं ते पाहा. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या पीटच्या जमिनी वर्षाला चौरस मीटरमागं २० ते ३० ग्रॅम कार्बन साठवतात. वाळल्या पाल्याच्या हिशेबात हे पन्नासेक ग्रॅम, म्हणजे मूठ-दोन मुठी. त्यात ऊर्जा असते सुमारे एक मेगाज्यूल. आपल्याकडं एप्रिलच्या भर दुपारी अंगणातल्या एका चौरस मीटरवर सतरा-अठरा मिनिटांत एवढं ऊन पडतं. वर्षभराची बचत एवढीच! पण ती पाच हजार वर्षं न चुकता झाली, तर त्या चौरस मीटरखाली ५,००० मेगाज्यूल साठतात, म्हणजे वाळक्या लाकडाचे जवळपास ३०० किलो. पृथ्वीच्या जमिनीपैकी अवघ्या ३ टक्क्यांच्या आसपास भागावर पीट आहे, आणि तरी सगळ्या मातीतल्या कार्बनचा साधारण तिसरा हिस्सा तिथं आहे. जगातल्या झाडाझुडपांमध्ये मिळून जितका कार्बन आहे त्याहून तो जास्त भरतो. इतक्या बारीक शिलकीवर एवढा साठा उभा आहे हे मी जितक्या वेळा कुणाला सांगतो, तितक्या वेळा मलाच नव्यानं नवल वाटतं.

ही शिल्लक उरते कशी? दरवर्षी पडणाऱ्या पाल्या-मुळांपैकी बहुतेक, दहातला आठ-नऊ भाग, वरच्या थरातच कुजून जातो. तिथं हवा आहे, बुरश्या आहेत, सूक्ष्म किडे आहेत. खालचा थर कायम पाण्याखाली. पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा हजारो पटींनी हळू सरकतो, आणि जो थोडा येतो तो वरच्या काही सेंटीमीटरमध्येच संपतो. उरलेला दहातला एखादा भाग कुजायच्या आत वर नवा पाला येतो, पाण्याची पातळी वर सरकते, आणि तो भाग टाकीत ढकलला जातो. वरच्या थराला शास्त्रज्ञ ऍक्रोटेल्म म्हणतात, खालच्याला कॅटोटेल्म. वरच्यातून पाणी आडवं सहज वाहतं, खालच्यातून जवळजवळ वाहत नाही. त्यामुळं मोठा पाऊस आला की जादा पाणी वरून निघून जातं आणि कोरड्या दिवसांत खालचं पाणी धरून राहतं. दलदल आपली पातळी आपणच सांभाळते.

पाण्याखाली प्राणवायू नसताना जिवाणू काय करतात, हे तुम्हाला पुस्तकाविना दाखवता येईल, कारण आपल्या भागात भाताची खाचरं आहेत. कुठल्याही जिवाला अन्न जाळून ऊर्जा मिळवायची तर अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात. प्राणवायू असला तर तो सर्वांत चांगला घेणारा, त्याच्यातून सर्वांत जास्त ऊर्जा मिळते. तो संपला की जिवाणू नायट्रेटकडं वळतात, मग मँगनीजकडं, मग लोहाच्या गंजाकडं, मग सल्फेटकडं, आणि काहीच उरलं नाही की शेवटी कार्बनकडंच, तेव्हा मिथेन निघतो. प्रत्येक पायरीला पदरात पडणारी ऊर्जा कमी होत जाते, म्हणून जिवाणूंची वाढही मंदावते. पायऱ्या उतरू तसं कुजणं संथ होतं.

चिखलणी करून तरवा लावल्यावर खाचरात हेच सगळं दोन-चार आठवड्यांत घडतं. पहिल्या दिवसांत पाणी नितळ. मग बांधाच्या कडेला, झिरपा असतो तिथं, पाण्यावर तांबूस-निळसर तवंग दिसतो. कुणी तरी पंपाचं तेल सांडलं असं लोकांना वाटतं. काडीनं तो तवंग फोडा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो लोहाचा, लगेच परत जुळून आला तर तेलाचा. जांभ्याच्या आपल्या मातीत लोह इतकं आहे की पाणी साठलं की जिवाणू त्यातलं गंजलेलं लोह वापरून ते विरघळवतात. ते पाण्याबरोबर वर येतं, हवा लागली की पुन्हा गंजतं, आणि तवंग होतो. भाताचं एखादं रोप उपटून मुळं धुवा, त्यांच्यावर विटकरी लेप दिसेल. रोप आपल्या पोकळ देठातून हवा मुळांपर्यंत नेतं, ती बाहेर पाझरते आणि मुळाभोवती लोह गंजतं. खाचरात पाय टाकला की फुटणारे बुडबुडे बरेचसे शेवटच्या पायरीचे. खाचरातला बहुतेक मिथेन मात्र बुडबुड्यांनी न जाता त्याच पोकळ देठांतून, चिमणीतून धूर जावा तसा, वर जातो. इटलीच्या व्होल्टांनी १७७६ साली माजोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीनं ढवळून असेच बुडबुडे उलट्या बाटलीत धरले होते, तिथूनच या वायूचा अभ्यास सुरू झाला.

लोहाची ही गोष्ट मी लांबवली, कारण तिच्यात आपली माती आणि पीट यांच्यातला मोठा फरक आहे. आपल्या लाल मातीत लोहाची पायरी फार लांब असते. जिवाणूंना गंज पुरेसा मिळतो, त्यामुळं मिथेन उशिरा आणि कमी सुटतो, पण कार्बन मात्र हळूहळू कुजतच राहतो. खऱ्या पीटमध्ये खनिज जवळजवळ नसतंच. नायट्रेट नाही, लोह नाही, सल्फेट थोडं. मधल्या पायऱ्याच नाहीत म्हटल्यावर जिवाणू एकदम तळाला येतात. तिथं तयार झालेला मिथेनही सगळा वर पोचत नाही. वरच्या हवेशीर थरात मिथेन खाणारे जिवाणू वाटेतच त्याचा बराच भाग जाळतात.

स्फुरदाचंही याच्याशी नातं आहे. लाल माती स्फुरद लोहाला घट्ट बांधून ठेवते. तुम्ही सुपर फॉस्फेट टाकता आणि माळावरच्या पिकाला त्यातलं थोडंच मिळतं. तीच माती भातासाठी पाण्याखाली गेली की लोह विरघळतं आणि त्याला बांधलेला स्फुरद सुटतो. म्हणून शेजारच्या माळापेक्षा खाचरातल्या भाताला स्फुरदाची ददात कमी. पीटमध्ये बांधून ठेवणारं लोहच नाही. तिथं स्फुरद वनस्पती आणि जिवाणू यांच्यातच हातोहात फिरतो, पालाश तर पाला मेला की पावसाबरोबर धुऊन जातो.

मग पीटमधल्या वनस्पतींना खायला मिळतं काय? दोन प्रकार आहेत. काही पीटच्या जमिनींत डोंगरातलं किंवा झऱ्याचं पाणी येतं, त्याबरोबर चुना, लोह, थोडी खनिजं येतात. तिथं लव्हाळ्यासारखी गवतं जोमानं वाढतात. दुसऱ्या प्रकारात थर इतका उंच झालेला असतो की खालचं पाणी मुळांपर्यंत पोचतच नाही. मिळेल ते पावसातून आणि धुळीतून. अशा उपाशी जागेत राज्य असतं स्फॅग्नम या हरिता (मॉस) गटातल्या वनस्पतीचं. तिच्या पानांत मेलेल्या, पोकळ पेशी असतात, त्या पाण्यानं भरतात. आपल्या वाळल्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी ती धरते. पावसातून आलेला चुना-पालाशाचा एकेक कण ती पकडते आणि बदल्यात आम्ल सोडते. भोवतालच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ च्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. अशा आंबट पाण्यात गांडुळं टिकत नाहीत, जिवाणू मंदावतात, आणि स्फॅग्नमचं स्वतःचं शरीरही कुजायला महाकठीण. ती आपली दलदल आपणच घडवते.

उपाशी, ओल्या जमिनीवर जगायची हीच धडपड बघायला परदेशी जायला नको. श्रावण-भाद्रपदात चोर्ल्याकडच्या किंवा जांबोटी भागातल्या जांभ्याच्या सड्यावर चालत जा. दगडावर चार बोटं माती, तिच्यावर पाणी, आणि त्यात सीतेची आसवं नावाच्या रोपाची जांभळी फुलं. दवबिंदू नावाच्या रोपाच्या बारीक लाल पानांवर चिकट थेंब चमकत असतात आणि त्यांना एखादं चिलट अडकलेलं असतं. दोन्ही कीटकभक्षी. मातीत नत्र नाही म्हणून ते किड्याच्या शरीरातून मिळवायचं. युरोपातल्या पीटच्या दलदलींत दवबिंदूचीच भावंडं हेच काम करतात. खडक वेगळा, हवामान वेगळं, पण नत्राचा दुष्काळ तोच आणि तोडही तीच. वाकून भिंगातून बघा. मी कितीतरी विद्यार्थ्यांना तिथं गुडघ्यावर बसवलंय आणि एकालाही उठायची घाई झालेली पाहिली नाही.

पाण्याखाली प्राणवायू नसणं एवढंच कारण पुरेसं नाही, हे फार उशिरा कळलं. वनस्पतींत फिनॉल गटातली द्रव्यं असतात, चहाला तुरटपणा देणारी. ती कुजवणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) निकामी करतात. या द्रव्यांनाच मोडणारं एक विकर आहे, पण त्याला प्राणवायू लागतो. प्राणवायू नाही म्हणून ते विकर बंद, ते बंद म्हणून फिनॉल साठतं, फिनॉल साठलं म्हणून बाकीची सगळी विकरं बंद. कुलपाला कुलूप लावल्यासारखं. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी हे २००१ साली दाखवलं. आता विचार करा, पाणी थोडं उतरलं आणि हवा शिरली तर काय होईल? पहिलं कुलूप उघडलं की मागची सगळी एकामागून एक उघडतात. परत पाणी भरलं तरी कुजणं काही काळ चालूच राहतं.

डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट खणताना एक माणूस सापडला, टोलुंड मॅन. चेहऱ्यावरची खुंटं शाबूत, कपाळावरच्या आठ्या दिसतात. आधी ताजा खून समजून पोलिसांना बोलावलं होतं. तो निघाला सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा. पोटात शेवटच्या जेवणातली सातूची आणि जवसाची पेज होती. कुजणं किती पक्कं अडतं याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

मग आपल्याकडं, कणकुंबीला एवढा पाऊस कोसळतो, मलप्रभा तिथं उगम पावते, भीमगडच्या जंगलात म्हादई सुरू होते, तरी पीट का नाही? कारण पाऊस किती पडतो याला पीटच्या लेखी फारसं महत्त्व नाही, पाणी किती महिने टिकतं याला आहे. आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते ऑक्टोबरात. त्या दिवसांत उतारावर जागोजागी उपळ फुटतात, वाटा ओहोळ होतात. पण डिसेंबरापासून पाणी उतरू लागतं आणि मार्च-एप्रिलमध्ये, नेमकी ऊब वाढत असताना, वरची हात-दोन हात जमीन कोरडी असते. कुजण्याचा वेग साधारण दहा अंशांमागं दुप्पट होतो. पावसाळ्यात जे काही अडलं होतं ते वाळवी, बुरशी आणि जिवाणू उन्हाळ्यात फस्त करतात. वर्षाचं खातं मिटतं.

दक्षिणेत खातं उघडं राहिलं ते निलगिरीत. तिथं २,००० मीटरच्या वर थंडी आहे, दोन्ही मोसमांचा पाऊस आहे, आणि दऱ्यांच्या तळाशी पाणी बारमाही. उटीजवळच्या सँडीनल्ला दरीतल्या पीटमधून रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी २०,००० वर्षांमागच्या हवामानाचा माग काढला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. पद्धत तुम्हाला, ऊसवाल्याला, चटकन कळेल. ऊस आणि भात हवेतला कार्बन दोन वेगळ्या रीतींनी पकडतात, आणि त्यामुळं त्यांच्या शरीरात जड कार्बनचं प्रमाण थोडं वेगळं राहतं. कोरड्या काळात ऊस-ज्वारीच्या रीतीची गवतं वाढतात, ओल्या काळात भाताच्या रीतीच्या वनस्पती. पीटचा प्रत्येक थर त्या त्या काळचा पाला जपून ठेवतो, म्हणून थराथरातला कार्बन मोजला की पाऊसमान वाचता येतं.

केरळात कुट्टनाड भागातली 'करी' जमीनही काळी, सेंद्रिय, पुरलेल्या लाकडांची. तिच्यात समुद्राच्या पाण्यातून आलेलं गंधक लोहाबरोबर बांधलेलं असतं. पाणी काढून हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं आणि पीक करपतं.

पाणी काढल्यावर काय होतं याची दोन उदाहरणं देतो, कारण तुमचा प्रश्न शेवटी तिथंच जातो. इंग्लंडमध्ये होम नावाच्या गावी १८५१ च्या सुमारास पीटच्या दलदलीचं पाणी काढायच्या वेळी एक लोखंडी खांब खालच्या चिकणमातीपर्यंत असा रोवला की त्याचं टोक जमिनीला लागून राहावं. आज तो खांब जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा आहे. जमीनच खाली गेली. सुरुवातीला ती पाणी गेल्यानं दबली, नंतर वर्षानुवर्षं कुजून हवेत गेली.

दुसरं उदाहरण इंडोनेशियाच्या कालिमांतानचं. तिथं बारा महिने पाऊस, झाडांची लाकडं पाण्याखाली साठून कित्येक मीटर पीट झालेलं. १९९६ साली दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायची सरकारी योजना सुरू झाली आणि पाणी काढायला हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आला नाही. १९९७ च्या कोरड्या वर्षात सुकलेल्या पीटला आग लागली आणि ती जमिनीच्या आत धुमसत राहिली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून सुटलेला कार्बन जगभर वर्षाला जळणाऱ्या कोळसा-तेलातल्या कार्बनच्या १३ ते ४० टक्के होता, असा अंदाज २००२ साली मांडला गेला. भाताच्या नादात झालं म्हणून ते मला जास्त लागतं. आपण भात पिकवणारी माणसं आहोत. कुठल्या ओल्या जमिनीत भात येतो आणि कुठल्या येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला पायानं कळलं असतं.

आता तुमच्या पाहुण्यांच्या रानाकडं येऊ. तिथली माती काळी आहे म्हणून पीट ठरत नाही. तीन गोष्टी करून बघा. आधी एक जाड सळई हातानं दाबा. अशा जागी मी सळई घातली तेव्हा बहुतेकदा वीत-दीड वितीवरच खर्र आवाज येऊन ती जांभ्याच्या खड्यांवर अडली. मग मूठभर ओला गोळा घट्ट पिळा. स्वीडनच्या फॉन पोस्ट यांनी १९२० च्या दशकात बसवलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. नितळ किंवा चहासारखं पाणी निघालं आणि हातात तंतूंचा स्पंज राहिला तर ते कमी कुजलेलं पीट, बोटांच्या फटींतून सगळा लगदाच बाहेर आला तर पूर्ण कुजलेलं. हातात चिकण, जड गोळा राहिला आणि बोटांना वाळूचे कण लागले, तर ती सेंद्रिय भाग जास्त असलेली गाळाची माती. शेवटी थोडी माती वाळवून पत्र्यावर लालबुंद होईतो जाळा. पीट असेल तर फिकी, हलकी राख थोडीशीच उरते. आपल्याकडच्या अशा मातीत निम्म्याहून कितीतरी जास्त लाल राख मागं राहते. तो सगळा जांभ्याचा गाळ.

ट्रेसाठी ती का चालत नाही हेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेवाल्यानं अशीच काळी माती ट्रॅक्टरनं आणून ट्रे भरले. पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली. मी गेलो तेव्हा ट्रेतली माती वरून तडकलेली आणि आत ओली, मुळं तपकिरी. झालं असं की हवा लागल्यावर अडलेलं कुजणं जोरात सुरू झालं, जिवाणूंनी उपलब्ध नत्र स्वतःसाठी ओढून घेतलं, आणि बारीक गाळामुळं ट्रेच्या लहान खाचांत हवा खेळेना. जिथून माती काढली ती जागाही मी पाहून आलो. उन्हाळ्यातही गुरांना पाणी मिळायचं तिथं खड्डा झाला होता, आणि खालच्या खाचरांचा झिरपा त्या वर्षी महिनाभर आधी आटला.

कोकोपीटचा खर्च कमी करायचा असेल तर ते सुधारून वापरा. नावात पीट असलं तरी ते नारळाच्या काथ्याचा भुसा आहे, त्यात मीठ आणि पालाश जास्त असतो. गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून निथळून घ्या, मग कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात एक दिवस ठेवून पुन्हा धुवा. तुमच्या भागात साखर कारखान्यांची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, मिळते. ती पूर्ण कुजलेली, थंड झालेली, चाळलेली असेल तर कोकोपीटच्या तीन-चार भागांना एक भाग चालते. गरम किंवा वास येणारी प्रेसमड अजिबात घेऊ नका. आधी शंभर रोपांच्या एका ट्रेवर करून बघा.

पाहुण्यांना माझा एक निरोप द्या. त्या ओल्या जागेच्या मध्यावर एक पोकळ पीव्हीसी पाइप, खालच्या भागात भोकं पाडून, उभा रोवायला सांगा आणि दर महिन्याला आत काठी घालून पाणी किती खाली आहे ते भिंतीवर लिहून ठेवायला सांगा. पुढच्या एप्रिलअखेर पाणी हातभराच्या आतच राहिलं असेल तर मला कळवा, मी स्वतः येऊन सळई घालतो.